नंतररावांची यादी, आवक क्रमांक ४१७

१. नळाच्या तक्रारी, तेरा. आजच निकाली काढणे.
२. टेबलाचा डावा खण उघडणे.
३. हेडक्लार्कना ‘हो’ म्हणण्याआधी विचार करणे.
४. छत्रीची काडी.
५. दादाला पत्र.
६. हिने सांगितलेले. (काय ते विसरलो. विचारणे.)
७. उद्याची यादी करणे.

एवढाच कागद होता तो. पाठकोरा. दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नळाला पाण्यापेक्षा हवाच जास्त येते, अशा तक्रारीची कार्बन प्रत होती, निळी, पुसट. त्या काळी पाठकोरा कागद टाकून देणाऱ्याकडे लोक भरल्या ताटावरून उठणाऱ्याकडे पाहावं तसं पाहत. नंतररावांनी तो जपून ठेवला, त्यावर आपली एकेचाळिसावी यादी केली, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

नंतरराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात त्यांना कुणी काहीही सांगितलं की ते मान वर न करता म्हणत, ‘‘नंतर करतो.’’ हे ते टाळायला म्हणत नसत, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांच्या मनात ‘नंतर’ नावाची एक ऐसपैस, हवेशीर खोली होती. तिथे सगळी कामं खुर्च्यांवर रांगेने बसलेली होती, आणि एक दिवस नंतरराव त्या खोलीत जाऊन एकेकाला नावाने हाक मारणार होते. फक्त खुर्च्या वाढत चालल्या होत्या.

यादीचं खूळ डोक्यात शिरलं ते जिन्यातल्या दिव्यामुळे. वरच्या मजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहत. एका संध्याकाळी जिन्याच्या अंधारात त्यांची शेवटची पायरी हुकली आणि ते टोमॅटोंच्या पिशवीसकट खाली बसले. टोमॅटो नंतररावांच्या दारापर्यंत आले.

‘‘दिवा गेलाय,’’ स्टेशनमास्तर बसल्या जागेवरून म्हणाले.

‘‘हो ना,’’ नंतरराव टोमॅटो गोळा करत म्हणाले. ‘‘मीच बदलणार होतो. नंतर करतो म्हटलं होतं.’’

‘‘सदतीस वर्षं नोकरी केली मी. एक गाडी ‘नंतर’ सोडली नाही. का? फळा! काळा फळा. सगळं त्याच्यावर. आलेली खोडायची, न आलेली तशीच ठेवायची. तुमचा फळा कुठे आहे?’’

‘‘डोक्यात आहे.’’

‘‘तिथेही दिवा गेलाय.’’

हे जरा लागलं. पण उठवताना त्यांनी सांगितलेला नियम नंतररावांनी मनावर घेतला. रोज सकाळी यादी करायची. झालेलं काम खोडायचं. राहिलेलं दुसऱ्या दिवशीच्या कागदावर उतरवायचं. ‘‘आणि एक लक्षात ठेवा,’’ स्टेशनमास्तर टोमॅटो मोजता मोजता म्हणाले, ‘‘न झालेलं काम पुसायचं नाही. पुसली म्हणून गाडी यायची राहते का?’’

पुसण्याचा विषय निघाला आणि नंतरराव एकदम पन्नास वर्षं मागे गेले. त्यांच्या लहानपणच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक पाटी टांगलेली असे. वडील सकाळी तिच्यावर खडूने दोघा भावांची कामं लिहून कामावर जात. डावीकडे दादाची, उजवीकडे धाकट्याची. बागेला पाणी. कंदिलाची काच पुसणे. कोंबड्यांचं दार लावणे. जो काम करील त्याने ते पुसायचं, असा नियम. धाकट्याने वयाच्या सहाव्या वर्षीच एक शोध लावला होता की, काम न करता पुसलं तरी चालतं. संध्याकाळी वडील यायचे, कोरी पाटी बघायचे, कंदील लख्ख असायचा, कोंबड्या आत असायच्या. त्यामुळे पुसलं की काम आपोआप होतं, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती. पुढे ती गेली. पण पुरती गेली असंही म्हणता येत नाही.

यादीची बातमी चाळभर झाली. खालचा शिंपी म्हणाला, ‘‘आधी अवघड काम घ्या. कॉलर झाली की सदरा झालाच.’’ समोरची नर्स म्हणाली, ‘‘छे, आधी सोपं! हुरूप येतो.’’ नंतररावांनी दोघांचाही मान राखला. आधी अवघड काम समोर घ्यायचे, त्याच्याकडे बघत बसायचे, मग हुरूप यावा म्हणून यादीच्या तळाशी ‘चष्मा पुसणे’ असं लिहून चष्मा पुसायचे आणि खोडायचे. खोडताना पेनाचा जो कर्रर्र आवाज येई तो फार गोड असे. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकोणीस वेळा चष्मा पुसला.

बाकीची कामं येत-जात. एक ओळ मात्र रोज नव्या कागदावर तशीच्या तशी उतरत राहिली. दादाला पत्र.

त्याचं असं झालं होतं. दादा शाळामास्तर. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्या दिवशी धाकट्याला भरून आलं आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच चार पानी पत्र लिहिलं. आठ दिवसांनी ते परत आलं. तपासून. पहिल्या पानावर लाल शाईचे गोलच गोल, पहिला गोल पहिल्याच शब्दाला. ‘प्रीय’मधल्या दीर्घ वेलांटीला. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘१० पैकी ४½. आशय बरा.’

आशय बरा! नंतररावांनी पुढची पानं उलटली नाहीत. पत्र कचेरीत नेलं, टेबलाच्या डाव्या खणात टाकलं आणि खण असा ढकलला की तो पुन्हा उघडलाच नाही. दादाला पत्रही गेलं नाही. दादाचंही आलं नाही. तीन वर्षं.

वहिनीचं कार्ड मात्र परवा आलं होतं, बायकोच्या नावाने. ‘यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला ठरलं आहे. नंतर दोन महिने वाचायला बंदी. टपालवाला आला की खिडकीशी जातात आणि मी कुठे वाट बघतोय म्हणतात. भाऊजींना काही लिहायचं असेल तर त्याआधी लिहा म्हणावं. मी सांगितलं म्हणून सांगू नका.’

‘‘वहिनींनी सांगितलंय म्हणून सांगत नाही,’’ बायको म्हणाली, ‘‘पण लिहा आता.’’

‘‘यादीत आहे ते.’’

‘‘अहो, चाळीस दिवस झाले यादीत आहे. ‘दादाला पत्र.’ रोज दोन शब्द. ऐंशी शब्द झाले. एवढ्यात एक कार्ड भरलं असतं!’’

नंतररावांनी मनातल्या मनात गुणाकार केला. बरोबर होता. तो अपमान गिळून ते दहा तारखेला कचेरीत गेले, एकेचाळिसावी यादी केली आणि ती टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवून चहाला उठले.

उजव्या कोपऱ्यावर! पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने करावी अशी ही चूकच नव्हती. कचेरीत उजवा कोपरा म्हणजे आवक टपाल. तिथे ठेवलेला कागद शिपाईकाका उचलत आणि बारनिशीत देत. बारनिशी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद ठेवणारी खिडकी. तिथे शिक्काताई बसत.

शिक्काताई कागद वाचत नसत. कागद वाचणं हे ज्याच्या टेबलावर तो जाईल त्याचं काम, असं त्या म्हणत. त्यांनी एक बाजू पाहिली, नळाची तक्रार होती. दुसरी पाहिली, क्रमांक घालून मुद्दे मांडले होते. असा नीटनेटका कागद महिन्यातून एखादाच येई. त्यांनी शिक्का शाईच्या पॅडवर टेकवला, उचलला आणि दिला. धप्प. आवक क्रमांक ४१७.

‘‘ताई, तो कागद माझा आहे,’’ नंतरराव धापा टाकत खिडकीशी आले.

‘‘होता. आता कार्यालयाचा आहे.’’

‘‘अहो, माझी खासगी यादी आहे ती! कामांची!’’

‘‘मग चांगलंच आहे. कामं होतील.’’

‘‘खोडा ना तो नंबर.’’

शिक्काताईंनी नोंदवही छातीशी धरली. ‘‘सव्वीस वर्षांत या वहीत एक खाडाखोड नाही. चारशे सोळा आहे, चारशे अठरा झालाय. मधला कुठे गेला म्हणून विचारलं तर मी काय सांगू? नंतररावांच्या खिशात गेला?’’

‘‘त्यावर ‘दादाला पत्र’ असं लिहिलंय हो.’’

‘‘मग दादांना पत्र जाईल,’’ शिक्काताई शांतपणे म्हणाल्या. ‘‘सात दिवसांच्या आत. नियम आहे.’’

कागद हेडक्लार्कच्या टेबलावर गेला. हेडक्लार्क हे अत्यंत सरळ गृहस्थ होते, आणि तीच अडचण होती. त्यांनी कागद दोनदा वाचला. तिसऱ्या बाबीशी थांबले. नंतररावांना बोलावून घेतलं.

‘‘मला ‘हो’ म्हणण्याआधी तुम्ही विचार करणार आहात?’’

‘‘तसं नाही साहेब...’’

‘‘म्हणजे आजवर केला नाहीत?’’

‘‘हो,’’ नंतरराव म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की याही वेळी विचार करायचा राहिला.

 हेडक्लार्कनी फाइलचं पुठ्ठ्याचं कव्हर मागवलं, कागदाला भोक पाडलं, लाल नाडी ओवली आणि समासात शेरे मारायला घेतले. पुढचे पाच दिवस तो कागद टेबलामागून टेबलं फिरला. आज तशी गंमत राहिली नाही. त्या काळी कागद फिरायचा म्हणजे माणसाच्या हातून माणसाच्या हाती जायचा, प्रत्येक ठिकाणी त्याच्यावर एखादं वाक्य, एखादा चहाचा डाग पडायचा, आणि परत येईस्तोवर तो जगलेला असायचा. पाचव्या दिवशी यादी अशी दिसत होती:

१. नळाच्या तक्रारी, तेरा. — ‘आजमितीस एकवीस. संबंधित लिपिक यादीच्या कामात गुंतलेले.’

२. टेबलाचा डावा खण. — ‘सुतारास पाचारण करावे.’

३. हेडक्लार्कना ‘हो’ म्हणणे. — ‘वाचले. वाईट वाटले. नोंद घेतली.’

४. छत्रीची काडी. — ‘छत्री कार्यालयाची आहे काय? नसल्यास का नाही? भांडार विभागाने अभिप्राय द्यावा.’ त्याखाली भांडार विभाग: ‘छत्री समक्ष पाहिली. उघडत नाही.’

५. दादाला पत्र. — ‘मसुदा सादर करावा.’

६. हिने सांगितलेले. — ‘ही म्हणजे कोण? खुलासा मागवावा.’

७. उद्याची यादी. — ‘कायमस्वरूपी बाब. निकाली निघणे शक्य दिसत नाही.’

सहाव्या बाबीचा खुलासा मागवण्यासाठी शिपाईकाका पत्र घेऊन खरोखरच नंतररावांच्या घरी गेले. बायकोने हात पुसले, पत्र वाचलं, शिपाईकाकांचंच पेन मागून घेतलं आणि उभ्या उभ्या खाली लिहिलं: ‘ही म्हणजे मी. लग्नाला एकतीस वर्षं झाली. सांगितलेलं काम: जिन्यातला दिवा बदलणे. दिवा आणून यांच्या कचेरीच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे, त्यास दोन महिने झाले.’

हा खुलासा हेडक्लार्कनी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. नंतररावांनी पिशवीत हात घातला. होता. डब्याखाली, वर्तमानपत्रात. ज्या दिव्यापायी हे याद्यांचं लचांड मागे लागलं, तो दिवा एकेचाळीस याद्यांमध्ये एकदाही नावाने आला नव्हता, आणि रोज त्यांच्याबरोबर कचेरीत येऊन घरी जात होता.

‘‘जिना कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही,’’ हेडक्लार्कनी शेरा दिला. ‘‘परत पाठवा.’’ त्यामुळे तो प्रश्न तिथेच राहिला.

सुतार आला सोळा तारखेला. त्याने खणावर कान टेकवला, दोन बोटांनी वाजवला आणि म्हणाला, ‘‘रागाने लावलाय कुणीतरी.’’ मग पटाशी घातली. खण जो उघडला तो सगळ्या विभागासमोर. आत एक वाळलेली शाईची बाटली, तीन टाचण्या आणि चार पानी पत्र. नंतरराव झेपावले, पण कार्यालयाच्या खणातून निघालेला कागद आधी हेडक्लार्कच्या हाती जातो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

‘‘यात चुका आहेत.’’

‘‘माहीत आहे,’’ नंतररावांचे कान लाल झाले होते.

‘‘एकतीस गोल आहेत. पहिल्या पानावर चौदा, दुसऱ्यावर अकरा, तिसऱ्यावर सहा.’’ त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि थांबले. ‘‘हे तपासलेलंच नाही.’’

‘‘काय?’’

‘‘चौथं पान. इथे तर ‘आठवन’ लिहिलंय. ‘कंदिल’ लिहिलाय. ‘कोबंड्या’! सगळ्यात जास्त चुका इथेच आहेत, आणि एक गोल नाही. नुसता एका ठिकाणी लाल शाईचा ठिपका आहे. पेन टेकवून उचललंय.’’

नंतररावांनी पान हातात घेतलं. तीन वर्षांनी आपलंच अक्षर बघत होते. या पानावर त्यांनी जुन्या घराबद्दल लिहिलं होतं. दाराशी टांगलेल्या पाटीबद्दल. ठिपका पाटीच्या ओळीखाली होता. सुताराने पटाशी पिशवीत टाकली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच निघून गेला.

‘‘मसुद्याचं काय झालं?’’ हेडक्लार्कनी थोड्या वेळाने विचारलं. आवाज नेहमीपेक्षा जरा खाली होता. ‘‘उद्या सातवा दिवस.’’

मसुदा नंतररावांनी रात्रंदिवस एक करून लिहिला असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. चार ते सव्वाचार या वेळात लिहिला. सरकारी भाषेचा हा एक मोठा फायदा होता. जे वाक्य माणसाला तीन वर्षं सुचत नाही ते त्या भाषेत आधीच तयार असे, नुसतं नाव घालायचं. हेडक्लार्कनी ऱ्हस्व-दीर्घ तपासले, टंकलेखक बाईंनी दोन कार्बन लावून टंकलं, शिक्काताईंनी जावक क्रमांक ९०२ दिला, आणि सतरा तारखेच्या टपालाने पत्र गेलं.

*विषय: पत्र लिहिण्याबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयी आपणांस कळविण्यात येते की, आपणांस पत्र लिहिण्याची बाब गेली तीन वर्षे या टेबलावर प्रलंबित आहे. विलंबाबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. आपल्या प्रकृतीची, विशेषतः डोळ्यांची, सद्यःस्थिती उलट टपाली कळवावी.*

*आपला विश्वासू.*

‘‘झालं एकदाचं,’’ नंतरराव घरी येऊन म्हणाले आणि ओळ खोडली. कर्रर्र. पण नेहमीसारखा गोड आवाज आला नाही.

बायकोने कार्बन प्रत वाचली. ‘‘भावाला ‘महोदय’?’’

‘‘नियम आहे.’’

‘‘आणि दिलगिरी कोण व्यक्त करतंय? ‘करण्यात येत आहे’ म्हणजे कोण करतंय?’’

‘‘ते... कार्यालय.’’

‘‘मग उत्तर कार्यालयालाच येईल,’’ ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

पंचवीस तारखेला उत्तर आलं. शिक्काताईंनी ते स्वतः उठून टेबलावर आणून दिलं. त्या खुर्चीवरून उठल्या आहेत हे बघायला दोन विभागांतली माणसं वळली. आवक क्रमांक ४६३. अक्षर दादाचं होतं, पण मोठं झालं होतं. एका ओळीत चारच शब्द मावत होते.

*संदर्भ: आपले जावक क्र. ९०२.*

*महोदय,*

*पत्र पावले. शुद्धलेखनाच्या चुका शून्य. त्यावरून हे पत्र माझ्या भावाने लिहिलेले नाही, हे सिद्ध होते.*

*धाकट्या, तू पाटीवरची न केलेली कामं पुसायचास. मग काच मी पुसायचो, कोंबड्यांचं दार मी लावायचो. बाबांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. तुझी राहिलेली कामं करायची मला सवय आहे, त्याचं काही नाही. पण तुझं मला आलेलं पत्र मी कसं लिहू? दोनदा लिहून बघितलं. जमत नाही.*

*लाल शाई संपली आहे. नवी आणलेली नाही.*

*अठ्ठावीसनंतर दोन महिने वाचता येणार नाही.*

 टेबलावर नळाच्या तक्रारी एकोणतीस झाल्या होत्या. मग नंतररावांनी पाठकोरा कागद न घेता चांगला दोन्ही बाजूंनी कोरा कागद घेतला, आणि यादी न करता, आधी सोपं की आधी अवघड याचा विचार न करता, लिहायला लागले. पहिला शब्द लिहिला आणि पेन थांबलं. वेलांटी चुकली होती. दीर्घ झाली होती. त्यांना ती दिसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे लिहीत गेले.

पत्र संपलं तेव्हा टपाल निघून गेलं होतं. उद्याच्या टपालाने टाकलं तरी चार दिवस. चार दिवसांनी दादाच्या डोळ्यांवर पट्टी. नंतररावांनी रजेचा अर्ज लिहिला. कारण: ‘पत्र टाकणे.’ हेडक्लार्कनी अर्ज वाचला, आवक क्रमांक ४६३ वाचला, मग फाइल उघडून यादीतली तिसरी बाब पुन्हा वाचली. आणि अर्जावर शेरा लिहिला:

‘विचार केला. हो.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सहा तास. न उघडणारी छत्री, डबा, आणि वरच्या खिशात पत्र. दुपारी दादाच्या दारात उभे राहिले तेव्हा काय बोलायचं ते काहीच ठरवलेलं नव्हतं. दार दादानेच उघडलं. डोळे बारीक करून पाहिलं.

‘‘कोण?’’

‘‘टपाल,’’ नंतरराव म्हणाले.

 दादाने हात पुढे केला. ‘‘आण.’’

वहिनी आतून आली, पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि पाणी आणायला परत फिरली. दादा पत्र घेऊन खिडकीशी जाऊन बसला. भिंग काढलं. धाकटा समोरच्या खुर्चीवर, वह्या तपासून व्हायची वाट बघणाऱ्या मुलासारखा, गुडघ्यांवर हात ठेवून बसला. दादाने पहिल्या शब्दावर भिंग धरलं, ते तिथेच राहिलं. त्याचा उजवा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात काही नव्हतं.

‘‘पहिल्याच शब्दात...’’ दादा म्हणाला.

‘‘दिसली मला,’’ धाकटा म्हणाला.

‘‘मग?’’

‘‘राहू दे म्हटलं.’’

दादाने मान हलवली आणि भिंग पुढे सरकवलं. सहा पानं होती. वाचून व्हायला दुपार गेली. मध्ये एकदा तो हसला, आणि एकदा भिंग पुसलं. भिंगावर काही नव्हतं. शेवटी पत्राची घडी करून म्हणाला, ‘‘कोंबड्यांना अनुस्वार कुठे देतात ते तुला या जन्मात कळणार नाही.’’ मग जरा थांबून, ‘‘जेवलास का?’’

ऑपरेशन नीट झालं. नंतरराव परत आले, फाइल क्रमांक ४१७ बंद झाली. हेडक्लार्कनी पाचव्या बाबीसमोर ‘निकाली’ असं लिहिलं, सातवी बाब तशीच सोडून फाइल नाडीत बांधली, आणि ती दप्तरात गेली. ती कचेरी पुढे दुसरीकडे हलली, शिक्क्यांची पॅडं वाळली, टंकयंत्रं कुठे गेली कुणास ठाऊक. पण कोणत्यातरी कपाटात, लाल नाडीत, एका माणसाच्या छत्रीची काडी अजून अभिप्रायार्थ पडून असणार.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी नंतरराव कचेरीतून आले. खाली पत्रांच्या पेटीत एक पाकीट होतं. जिन्यात मिट्ट काळोख. बायको बाहेर गेलेली, घराला कुलूप, किल्ली तिच्याकडे. त्यांनी पाकीट फोडलं, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. काही दिसेना. अक्षर मात्र हाताला लागत होतं. मोठं होतं, जोर देऊन लिहिलेलं.

वाचायला बायको येईपर्यंत थांबता आलं असतं. नंतर वाचता आलं असतं.

‘‘मास्तर!’’ त्यांनी जिन्यातून वर हाक मारली. ‘‘अहो स्टेशनमास्तर! तुमचं स्टूल द्या जरा!’’

‘‘आत्ता?’’

‘‘आत्ताच्या आत्ता!’’

हा शब्द नंतररावांच्या तोंडून ऐकून स्टेशनमास्तर स्टूल घेऊन चष्म्याशिवायच धावले आणि शेवटच्या पायरीवर या वेळी थोडक्यात बचावले. त्यांनी स्टूल धरलं, नंतरराव वर चढले, पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि चाचपडत दिवा बसवला.

उजेड पडला. तशी पायऱ्या दिसल्या, भिंतीवरचे पोपडे दिसले, एका कोपऱ्यात सुकलेला एक टोमॅटो दिसला. नंतरराव खाली उतरलेच नाहीत. तिथेच, स्टुलावर, दिव्याखाली उभे राहून त्यांनी कागद उघडला.

‘‘काय लिहिलंय?’’ स्टेशनमास्तर खालून म्हणाले. ‘‘सगळं ठीक ना?’’

नंतरराव पहिल्याच ओळीवर थांबले होते. चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या, आयुष्यात एक वेलांटी न चुकलेल्या माणसाने, नव्या डोळ्यांनी, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

*प्रीय धाकट्या,*